हे मूलही आपल्याच शाळेचे

गावच्या शाळेत नाना तऱ्हेची मुले येतात. कोणी खोडकर, कोणी लाजाळू. कोणाला गणित आवडते, कोणाला खेळ. पण एखादे मूल या सगळ्यांहून निराळे असते. हाक मारली तरी वळून पाहत नाही. आपल्याच नादात असते. खडे वेचते आणि एका ओळीत मांडते. ओळ मोडली की आकांत करते. घंटा वाजली की दोन्ही कान दाबून धरते. आपण विचारावे, "जेवलास का?" तर तेही म्हणते, "जेवलास का?"

लोक म्हणतात, पोर वेडसर आहे. कोणी म्हणतो, आईने लाडावून ठेवलंय. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा आहे. मग कोणी अंगारा लावतो, कोणी चार धपाटे घालतो. शाळेत घातले, तर थोड्याच दिवसांत निरोप येतो, "याला घरीच ठेवा." मूल घरी बसते. आईला कामावर जावे लागते. मग दाराला बाहेरून कडी लागते.

मंडळी, ही कडी कशी काढायची, तेच या धड्यात पाहू.

याला म्हणतात स्वमग्नता

अशा मुलाच्या स्थितीला मराठीत स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात. स्व म्हणजे आपण स्वतः. मग्न म्हणजे बुडालेला. पण नावावरून गैरसमज करून घेऊ नका. या मुलाला माणसे नकोशी असतात, असे नाही. त्यालाही माया कळते. त्यालाही सोबत हवी असते. मात्र दुसऱ्याचा चेहरा, आवाज, खाणाखुणा वाचणे त्याला अवघड जाते. आपण अक्षरे शिकण्याआधी पुस्तक उघडले, तर नुसत्या काळ्या रेघा दिसत. तसेच काहीसे त्याचे माणसांच्या चेहऱ्यांबाबत होते.

हा रोग नव्हे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मेंदूची घडणच निराळी असते, आणि ती जन्मापासून तशी असते. घराण्यातून येणाऱ्या गुणांचा यात मोठा वाटा असतो. साधारणपणे दीड-दोन वर्षांच्या सुमारास खुणा दिसू लागतात. नावाने हाक मारली तर मूल लक्ष देत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. बोलणे उशिरा येते, किंवा आलेले बोलणे जाते. गाडीचे चाक तासन्‌तास फिरवीत बसते. रोजची वाट बदलली तर रडते.

सगळी मुले सारखी नसतात. एखादे मूल मुळीच बोलत नाही. दुसरे भरभर बोलते, पण एकाच गोष्टीविषयी बोलत राहते. एखाद्याला जन्मभर आधार लागतो. दुसरा शिकून नोकरी करतो. मुलग्यांत ही स्थिती अधिक आढळते. मुलींमध्ये ती पुष्कळदा ओळखूच येत नाही. गप्प बसणारी मुलगी म्हणजे गुणाची, असे समजून लोक तिकडे पाहत नाहीत.

अशी मुले किती असतात? जगभरच्या पाहण्यांवरून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की साधारण शंभर-सव्वाशे माणसांत एक. म्हणजे मोठ्या गावात असे एखादे तरी मूल असणारच. दिसत नसेल, तर ते कडीआड असेल.

आईचा दोष नाही

ही गोष्ट आधी नीट ध्यानात घ्या. १९५० आणि १९६० च्या सुमारास परदेशांतले काही मोठे डॉक्टरही म्हणत, की आईने माया केली नाही म्हणून मूल असे होते. कितीतरी आयांनी हा डाग सोसला. १९६४ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. पुढच्या संशोधनाने तेच खरे ठरले. तेव्हा सासूबाईंनी सुनेला बोल लावू नये, आणि सुनेने तो मनाला लावून घेऊ नये.

दुसरी एक अफवा लसीची आहे. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टराने लिहिले, की गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध असावा. पुढे त्याचे लिहिणे खोटे निघाले. ज्या नियतकालिकात ते छापले होते, त्या नियतकालिकाने २०१० साली तो लेख मागे घेतला. म्हणून मुलांना लसी टोचून घ्याच. लस टाळली तर गोवर मात्र खरोखरच होतो.

आणि एक. स्वमग्नता मुळापासून घालवील असे कोणतेही औषध नाही. "एवढे पैसे द्या, सहा महिन्यांत बरा करतो," असे कोणी म्हणाला, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजा. औषध नाही, पण शिकवण आहे. ती जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी.

एका शेतकरी जोडप्याची गोष्ट

या स्थितीला वैद्यकात नाव मिळाले, त्याची सुरुवात एका मुलापासून झाली. मुलगा अमेरिकेतला. पण त्याच्या गोष्टीत शेत आहे, विहीर आहे, नांगर आहे आणि गावची शाळा आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटणार नाही.

मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. त्याचा जन्म १९३३ साली मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात झाला. तो माणसांकडे लक्ष देत नसे. भांडी भिंगरीसारखी फिरवी. आकडे मोजत बसे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईबापांनी त्याला तिसऱ्या वर्षी दूरच्या एका संस्थेत ठेवले. तिथे मूल कोमेजून गेले. वर्षभराने आईबापांनी त्याला घरी परत आणले. १९३८ साली ते त्याला बाल्टिमोर शहरात डॉक्टर लिओ कॅनर यांच्याकडे घेऊन गेले. कॅनर यांनी अशी ११ मुले तपासली आणि १९४३ साली त्यांच्याविषयी लेख लिहिला. त्या लेखातले पहिले मूल म्हणजे डोनाल्ड.

१९४२ साली आईबापांनी डोनाल्डला गावापासून सुमारे १० मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. हे जोडपे दुसऱ्याची जमीन कसणारे होते. डॉक्टरकीचे त्यांना काही ठाऊक नव्हते. पण शहाणपण होते.

डोनाल्डला सारखे मोजमाप करण्याचा नाद होता. त्यांनी त्याला विहीर खणायला लावले, आणि खोली किती झाली ते सांगायला लावले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजी. ते म्हणाले, मोज, पण नांगर धरून मोज. तो मेलेली पाखरे आणि किडे गोळा करी. त्यांनी त्याला एक कोपरा दिला. तिथे तो ती पुरी आणि प्रत्येकावर नावाची पाटी लावी. तेवढेच लिहिणे झाले!

१९४५ साली डॉक्टर कॅनर स्वतः ते शेत पाहायला गेले. डोनाल्डने त्यांच्यासमोर सहा लांब ओळी नांगरल्या. घोडा नीट वळवला. तो खेड्यातल्या शाळेत जात होता. शाळेने त्याच्या तऱ्हा सांभाळून घेतल्या होत्या, आणि त्याचा अभ्यासही चांगला चालला होता. डॉक्टर कॅनर त्या जोडप्याच्या शहाणपणाने थक्क झाले. पुढे १९७१ साली त्यांनी हे सारे लिहून ठेवले.

डोनाल्ड पुढे कॉलेजात शिकला. १९५८ साली पदवीधर झाला. नंतर गावातल्या बँकेत त्याने कित्येक वर्षे काम केले. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला. एकट्याने देशोदेशी फिरला. २०१० च्या सुमारास पत्रकार त्याला भेटायला गावात आले. तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावले, की आमच्या माणसाला दुखवाल तर गाठ आमच्याशी आहे. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो वारला.

डोनाल्डचे घर पैसेवाले होते, हे खरे. त्याच्या आईच्या माहेरची बँक होती. प्रत्येक मूल एवढे शिकेल असेही नाही. पण त्या जोडप्याने जे केले, त्याला पैसा लागला नाही. मुलाचा नाद मोडून काढायच्या ऐवजी त्यांनी त्या नादाला काम दिले. गावाने त्याला आपला म्हटले. हे दोन्ही आपल्याला करता येते.

वर्गात काय करावे

आता आपल्या शाळेकडे येऊ. गुरुजींनी आणि बाईंनी थोडी व्यवस्था बदलली, तर पुष्कळ फरक पडतो. आईबापांनीही हे वाचावे, म्हणजे शाळेत जाऊन सांगता येईल.

१. जागा ठरलेली असावी. रोज एकाच ठिकाणी बसवावे. दारापासून आणि रस्त्याच्या गोंगाटापासून लांबची जागा बरी.

२. दिवसाचा क्रम चित्राने दाखवावा. एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर चित्रे काढा. प्रार्थना, वाचन, खिचडी, खेळ, घर. एक काम झाले की ते चित्र झाकायचे. पुढे काय होणार हे कळले की मुलाची भीती कमी होते. झेंडावंदन, प्रभातफेरी, गॅदरिंग असे काही निराळे असेल, तर दोन दिवस आधीपासून सांगत राहावे.

३. थोडके आणि सरळ बोलावे. "दप्तर उघड." मग थांबावे. मग "पुस्तक काढ." एका वेळी एकच गोष्ट. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून मनात दहा आकडे मोजावेत. म्हणी आणि आडवळणाचे बोलणे या मुलांना लवकर उमगत नाही. गुरुजी म्हणतात, "चल, हात चालव." मूल हात हलवत बसते. मुले हसतात, गुरुजींना वाटते चेष्टा केली. पण त्याने सांगितलेलेच केले!

४. बोलता येत नसेल तर चित्र द्यावे. पाण्याच्या तांब्याचे एक चित्र, संडासाचे एक, "पुरे झाले" याचे एक. मूल चित्र दाखवते आणि आपण लगेच ते करतो. असे चित्र दिल्याने बोलणे खुंटत नाही. मागितले की मिळते, हे मुलाला उमगते, आणि रडणे कमी होते.

५. कान, नाक, त्वचा यांचा विचार करावा. आपल्याला साधी वाटणारी घंटा त्याला कानात सळई घातल्यासारखी लागत असेल. घंटेच्या आधी त्याला सांगावे. कान झाकू द्यावे. एखाद्या मुलाला घंटा वाजवण्याचे कामच दिले, तर ती केव्हा वाजणार हे त्याला कळते आणि धास्ती जाते. खिचडीचा वास सहन होत नसेल, तर घरची भाकरी आणू द्यावी. "माझ्या डोळ्यांत बघ," अशी सक्ती करू नये. काही मुलांना खाली पाहूनच नीट ऐकू येते.

६. त्याच्या आवडीतून शिकवावे. एस.टी. चा नाद असेल, तर एस.टी. च्या पाट्या वाचायला द्याव्यात. वेळापत्रकातून बेरीज-वजाबाकी शिकवावी. विहीर आणि मक्याच्या ओळी आठवा.

७. मधल्या सुट्टीत लक्ष ठेवावे. वर्गात नियम असतात, मैदानावर नसतात. म्हणून सुट्टीच या मुलाला सर्वांत जड जाते. तिथेच चिडवणे होते. वर्गातली दोन समजूतदार मुले त्याच्या जोडीला द्यावीत. बाकीच्या मुलांना साध्या शब्दांत सांगावे, "याला गोंगाट सोसत नाही. आपण हळू बोलू." मुले मोठ्यांपेक्षा लवकर समजतात.

मूल बिथरले तर

कधी मूल ओरडते, अंग टाकते, स्वतःला चावते. हा माज नव्हे. सोसवले नाही, आणि सांगता आले नाही, म्हणून ते असे करते. बैल एकदम बुजला तर शहाणा शेतकरी आधी पाहतो की तो कशाला बुजला. तसेच इथे पाहावे. याच्या आधी काय झाले? आवाज झाला? जागा बदलली? भूक लागली? पोट दुखते आहे?

त्या वेळी गर्दी हटवावी. आवाज खाली आणावा. प्रश्न विचारू नयेत. इजा होईल अशा वस्तू दूर कराव्यात, जवळच शांत बसावे आणि वाट पाहावी. शाळेच्या एका कोपऱ्यात चटई टाकून ठेवावी. मूल तिथे बसून शांत होईल. तो कोपरा शिक्षेचा नसावा.

मारू तर नयेच. मुलांना शाळेत मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केले आहे. आणि माराने हे मूल शिकत नाही. ते फक्त शाळेला भिऊ लागते.

तुमची दोन ओळींची वही

आता तुमचे काम. तुम्ही लिहा-वाचायला शिकलात. ही विद्या इथे उपयोगी पडते.

एक साधी वही करा. ती रोज मुलाच्या दप्तरात जाऊ द्या. आईने किंवा बापाने सकाळी दोन ओळी लिहाव्यात. "काल रात्री झोपला नाही. आज चिडेल." गुरुजींनी संध्याकाळी दोन ओळी लिहाव्यात. "आज चित्र दाखवून पाणी मागितले." अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. शुद्धलेखनाचे गुण इथे नाहीत. जे मूल स्वतःचे सांगू शकत नाही, त्याच्या वतीने ही वही बोलते. महिन्याने मागची पाने वाचा. मूल केव्हा बिथरते आणि कशाने शांत होते, ते आपोआप दिसू लागेल.

घरातही तीच चित्रे आणि तोच क्रम ठेवा. शाळेत एक आणि घरी दुसरे, असे झाले की मूल गोंधळते.

कायदा काय म्हणतो

१९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला. त्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात ती आली. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि स्वमग्नता त्यांतला एक आहे.

या कायद्याप्रमाणे सरकारी, सरकारी मदत घेणाऱ्या आणि सरकारमान्य शाळांनी मुलात भेद करता कामा नये. ज्या मुलाला शेकडा ४० किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे, त्याला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यायचे की खास शाळेत, हे निवडता येते. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे.

पण प्रमाणपत्र मिळेपर्यंत मुलाला घरी ठेवू नका. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत बसण्याचा हक्क २००९ च्या कायद्यानेच दिला आहे. "याला घरीच ठेवा," असे कोणी म्हटले तर तोंडी भांडू नका. अर्ज लिहा. मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. तिथे काम झाले नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शाळा व्यवस्थापन समितीतही विषय काढा. त्या समितीत चारांतले तीन सभासद पालकच असतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. ती समिती म्हणजे तुम्हीच.

आधी कोठे जावे

शंका आली की आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात डॉक्टरांच्या पथकाने अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली मुले एकदा तपासायची असतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला लपवू नका, पुढे करा. पथक गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवते. तिथे आधी कान तपासून घ्या. ऐकू न येण्यानेही मूल हाकेला ओ देत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र कसे मिळवायचे, तेही तिथेच विचारा. शाळेला मदत करण्यासाठी तालुक्याला खास शिक्षक असतात. त्यांना बोलावण्याविषयी मुख्याध्यापकांशी बोला.

विचार करा आणि सांगा

१. स्वमग्न मूल हाकेला ओ देत नाही, म्हणजे त्याला माया नसते का?

२. शेतकरी जोडप्याने डोनाल्डच्या मोजण्याच्या नादाचे काय केले?

३. मूल बिथरले, तर आधी काय पाहावे?

४. आपल्या गावात शाळेत न येणारे मूल कोणाच्या घरी आहे? त्या घरी जाऊन आईबापांना हा धडा वाचून दाखवा.

५. वहीत लिहा: आपल्या शाळेची घंटा, जागा, सुट्टी यांत अशा मुलासाठी कोणता एक बदल या महिन्यात करता येईल? लिहिलेले समितीच्या पुढच्या बैठकीत वाचा.